सोमवारच्या बैठकीत ठेवावे

चर्चच्या समितीचे नवे अध्यक्ष आयुष्यभर एका कचेरीत हेडक्लार्क होते. निवृत्त झाले तेव्हा ते कचेरी बरोबर घेऊनच घरी आले, आणि बायकोने ती घरात ठेवून घ्यायला साफ नकार दिल्यावर त्यांनी ती चर्चमध्ये आणून टाकली. महिन्याभरात मेणबत्त्यांची नोंदवही झाली, फुलदाण्यांना नंबर पडले आणि वेदीवरच्या घंटेवर लाल रंगात 'जं. मा. ७' असं लिहिलं गेलं. जं. मा. म्हणजे जंगम मालमत्ता. जी वस्तू हलवता येते ती अध्यक्षांच्या लेखी शेऱ्याशिवाय हलवायची नाही, असा नियम सूचनाफलकावर लागला. फादर भले गृहस्थ. त्यांनी तो वाचला आणि हसून सोडून दिला. भल्या माणसांच्या हसण्यावरच असल्या लोकांचं फावतं.

आता, या चर्चमध्ये ईस्टरची एक जुनी पद्धत होती. शुक्रवारी प्रार्थना झाली की ख्रिस्ताची लाकडी मूर्ती डाव्या कोपऱ्यातल्या कबरेत ठेवायची. कबर म्हणजे प्लायवूडचा सांगाडा, त्यावर करडा रंग दिलेलं गोणपाट आणि तोंडाशी धोंड्यासारखं रंगवलेलं गोल दार. रविवारी सकाळी धोंडा सरकला की कबर रिकामी दिसायची, मुलं 'आ' करून बघायची आणि मोठ्यांचेही डोळे पाणावायचे. मधल्या शनिवारी मूर्ती चादरीत गुंडाळून कपाटात नेऊन ठेवायचं काम झाडलोट करणाऱ्या मावशीचं. बावीस वर्षं तीच ते करत होती. हे सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी बोलत नव्हतं. श्रद्धेला एवढी सभ्यता लागतेच.

यंदा शुक्रवारी लोक पांगल्यावर अध्यक्षांनी कबरेला कडीकोयंडा बसवला, कुलूप घातलं, वर सहीची पट्टी चिकटवली. मालमत्ता सुरक्षित झाली. दोन हजार वर्षांपूर्वीच्या अधिकाऱ्यांनीही कबरेवर शिक्का मारून पहारा बसवला होता, हे अध्यक्षांनी दरवर्षी याच चर्चमध्ये बसून ऐकलं होतं. पण ऐकलेलं स्वतःला लावून घ्यायची त्यांना सवय नव्हती.

शनिवारी सकाळी मावशी किल्ली मागायला गेली, तर त्यांनी तिच्या हातात छापील अर्ज ठेवला. मावशी चौथी शिकलेली. तिने पायरीवर बसून अर्धा तास खपून तो भरला. वस्तूचे नाव: येशू. हलवण्याचे कारण: उद्या उठायचं आहे. परत आणण्याची तारीख: पुढच्या वर्षीचा शुक्रवार. अध्यक्षांनी अर्ज घेतला आणि चौतीस वर्षं घेतले तसाच, न वाचता, शेरा मारला: 'सोमवारच्या बैठकीत ठेवावे.'

"सोमवारी कसं साहेब? सण तर उद्या आहे."

"सणाचा आणि कामाचा संबंध लावू नका, मावशी. आणि माझ्या डोक्यावरून फादरांकडे गेलात, तर ती मागची खोली खाली करून द्यावी लागेल."

चर्चच्या मागची ती एक खोली म्हणजेच मावशीचं घर. नवरा तिथेच गेला, मुलीचं लग्न तिथूनच झालं. दिवसभर तिने फरशी पुसली, बाकं पुसली आणि त्या कुलपाकडे बघायचं टाळलं.

रविवारी सकाळी चर्च तुडुंब भरलं. धोंडा सरकवण्याचा मान पूर्वी फादरांचा असे. यंदा तो अध्यक्षांनी स्वतःकडे घेतला होता आणि त्यासाठी नवा कोट शिवला होता. ऑर्गन वाजवणाऱ्या आजोबांना फारसं दिसत नसे. 'कबरेपाशी हालचाल झाली, लोक उठले, की वाजवायला घ्या,' एवढंच त्यांना दरवर्षी सांगून ठेवलेलं असे.

"ख्रिस्त उठला आहे," फादर खणखणीत आवाजात म्हणाले.

अध्यक्षांनी पट्टी फाडली, कुलूप काढलं आणि धोंडा झोकात सरकवला. ख्रिस्त आत आडवा होता. शुक्रवारी ठेवला तसाच.

उठायचं तेही लोक विसरले. पहिल्या बाकावरची एक चिमुरडी म्हणाली, "अजून झोपलाय." तिच्या आईने तिचं तोंड दाबलं, पण आता कोणाकोणाचं दाबणार? मागच्या बाकांवर खसखस सुरू झाली.

अध्यक्षांच्या चेहऱ्याचा रंग उडाला. चूक झाली की खालच्या माणसाकडे बोट दाखवायचं, एवढी एक गोष्ट मात्र त्यांना न वाचताही येत होती. "ही मावशीची जबाबदारी होती," ते म्हणाले. "मावशी, तुम्हाला आत्तापासून कामावरून कमी केलंय."

मावशी खांबाजवळ उभी होती. बावीस वर्षं एका वाक्यात गेली. तिला भीती वाटली, आणि मग भीतीपेक्षा संताप जास्त आला.

"मी काल अर्ज दिला होता, फादर," ती म्हणाली. "साहेबांनी लिहिलं, सोमवारच्या बैठकीत बघू."

आता लोक उघड हसले. फादरही हसले असते, पण ते झग्यात होते. त्यांनी मावशीला हात जोडले आणि मूर्ती तेवढी बाहेर काढायची विनंती केली.

"मला आत्ताच काढलंय ना? मग मी आज सण करायला आलेय," असं म्हणून मावशी पुढे आली आणि पहिल्या बाकावर बसली. अध्यक्षांच्या बायकोने सरकून तिला जागा दिली, आणि जरा जास्तच आनंदाने दिली.

मग अध्यक्ष स्वतःच कबरेत शिरले. त्या अरुंद तोंडातून मूर्ती काढायची तर आधी पाय उचलून डावीकडे तिरकी करावी लागते, हे जगात एकट्या मावशीला ठाऊक होतं. अध्यक्षांनी ती खांद्याला धरून ओढली. मूर्ती जागची हलली नाही, नवा कोट मात्र आतल्या खिळ्याला अडकला. त्यांना पुढे जाता येईना की मागे येता येईना. भर सणाच्या दिवशी सगळ्या चर्चसमोर अध्यक्षांची फक्त मागची बाजू होती, आणि तिच्यावर कुठलाच नंबर नव्हता.

"मावशी," आतून आवाज आला.

"बोला."

"तुम्ही कामावर आहात."

"आणि खोली?"

सगळी कबर एकदा हादरली, पण कोट सुटला नाही. "खोली तुमचीच आहे. बाहेर काढा मला."

मावशी उठली, कपाटातून मूर्तीची चादर काढून खांद्यावर टाकली, कोट खिळ्यातून सोडवला आणि अध्यक्षांना कमरेला धरून ओढलं. गोणपाटाचे धागे केसांत घेऊन, घामाघूम होऊन ते कबरेतून बाहेर आले. तमाशा नीट दिसावा म्हणून सगळं चर्च उभं राहिलं. ऑर्गनवाल्या आजोबांना हालचाल झालेली दिसली, लोक उठलेले दिसले, आणि त्यांनी पूर्ण ताकदीने 'हालेलुया' सुरू केलं.

सुरू झालेलं गाणं कोण थांबवणार? लोक हसत हसत गायला लागले आणि शेवटच्या कडव्यापर्यंत मनापासून गायले. गाणं संपलं, लोक खाली बसले आणि सहज कोपऱ्याकडे बघतात, तर कबर रिकामी होती. चिमुरडीने 'आ' केला. ख्रिस्त कधी उठून गेला, ते यंदाही कोणी पाहिलं नव्हतं. सगळे अध्यक्षांकडे बघत होते.