माशांना ऑक्सिजन कोण पुरवतं?

आर्विड नीगार्ड स्वतःची ओळख करून द्यायचा ती अशी : "मिनेसोटातल्या गुन्हेगारांना स्वप्नात ज्याचं नाक दिसतं, तो मी!" प्रत्यक्षात गड्यानं जन्मभर गावातले पाण्याचे मीटर वाचले होते, आणि ते नाक लोकांनी फक्त तळघराच्या खिडकीत पाहिलं होतं.

भाचीनं, मारितनं, त्याला बोलावलं तेव्हा ती रडकुंडीला आली होती.

"मामा, दर गुरुवारी कामावरून येते तर बाबांचं नाक लालबुंद, बूट ओले, पांघरुणाला मासळीचा वास! विचारलं की घोरायला लागतात."

तिचे बाबा टोरव्हाल्ड. डॉक्टरांनी हात टेकलेले. शेवटचे दिवस घरच्या खाटेवर जावेत म्हणून हलीमो नर्स रोज यायची. तिचा पगार मारित द्यायची, तोही घरी शुश्रूषा करणाऱ्या कुटुंबांना करात सवलत मिळते त्या भरवशावर.

"बाबा घरात नसतात असं ठरलं तर सवलत गेली. मग हलीमो गेली, आणि बाबा केअर होममध्ये!"

"शांत हो. खाटेवर तोतया आहे," म्हणत आर्विडनं दाजींची मिशी ओढली.

"मेलो! अरे गाढवा!"

"आवाज मात्र हुबेहूब काढतो," आर्विड पुटपुटला.

दुसरा संशय मांजरावर. घरात मांजर नव्हतंच, हे त्याला अधिक संशयास्पद वाटलं.

गुरुवारी मारित भर दुपारी घरी परतली. खाट रिकामी! अंगणातल्या बर्फात बाबांच्या ऑक्सिजन सिलिंडरच्या ढकलगाडीच्या चाकांच्या खुणा, थेट तलावाकडे.

"उलगडलं!" आर्विड गरजला. "तलाव गोठलाय, खाली मासे गुदमरतायत. हलीमो त्यांना चोरून ऑक्सिजन पुरवते आणि मोबदला घेते."

"कुणाकडून? माशांकडून?"

"तपशील नंतर. आधी सांग, दाजींना पळवलं कुणी?"

तेवढ्यात शेजारची बर्निस भाजलेल्या बटाट्यांचं हॉटडिश घेऊन आली. "कुणाला पळवलं? टोरव्हाल्डना? अगं, दर गुरुवारी ते तलावावर, आमच्या ह्यांच्या शेजारी, बर्फात पाडलेल्या भोकात गळ टाकून बसतात. साऱ्या तलावाला माहीत आहे."

मारित पांढरीफटक पडली. बर्निसचे 'हे' म्हणजे क्लेटस, गावातल्या लोकांचे कराचे कागद भरून देणारे. मारितचेही.

बर्फावरच्या खोपटात शेगडी पेटली होती. टोरव्हाल्ड नाकात नळी घालून भोकाशी बसले होते. हलीमोच्या हातात भलामोठा मासा होता, आणि क्लेटस त्याच्याकडे हेव्यानं बघत होता.

"क्लेटसकाका, सवलत रद्द करू नका हो!" मारितनं हात जोडले.

"का करू? सवलत घरी शुश्रूषा घेण्याची आहे, पोरी. घरात कोंडून घालण्याची नव्हे. शिवाय नर्स सोबत आहे. फक्त तिला सांग, आमच्यासाठीही थोडे मासे ठेव."

मारितनं डोळे पुसले. "बाबा, मला का नाही सांगितलंत?"

"तू सोबत आली असतीस. आणि भोकाशी गप्प बसणं तुला कधी जमलंय?"

मारितनं एक बादली उपडी घातली आणि बाबांना खेटून बसली. बराच वेळ एक शब्द बोलली नाही. टोरव्हाल्डनी हळूच आपला गळ तिच्या हातात दिला.

आर्विडनं घसा खाकरला. "म्हणजे माशांच्या ऑक्सिजनबद्दल माझा जो अंदाज—"

"शूऽऽ!" चौघंही एकदम म्हणाले.