मायारसाच्या खुंट्या

बाळांनो, पोटं आत घ्या, जमतील तेवढी, आणि ऐका.

एका जंगलात केसरराजे नावाचा सिंह राज्य करायचा. प्रजा त्याला घाबरायची. एखाद्याचं तेवढ्यावर भागलं असतं. याला प्रेम हवं होतं.

त्यानं मुंगसे वैद्यांना बोलावलं. "वैद्यबुवा, सगळे आपापल्या पिल्लांवर जीव टाकतात. माझ्यावर का नाही?"

"महाराज, मेंदूतून मायारस पाझरतो. पेशींवर बारीक खुंट्या असतात. रस खुंटीवर जाऊन बसला की माया दाटते."

"मग सोडा पाणवठ्यात. वर माझी तसबीर लावा."

प्यायलेला रस मेंदूपर्यंत पोचतो का, असं विचारू नका. राजाज्ञा होती, पोचला.

पहिले काही दिवस बहार आली. तसबिरीला ओवाळताना तरस हुंदके द्यायचं. राजे स्वतः तर नुसता रसच प्यायचे, पाणी न घालता. मग सगळं ओसरलं.

"रस कमी पडतोय," राजे गुरगुरले.

"रस उतू जातोय, महाराज. गर्दी फार झाली की पेशी खुंट्या आत ओढून घेतात."

"मग दुप्पट सोडा."

वैद्यांना शास्त्र माहीत होतं. राजांचे दातही माहीत होते. त्यांनी दुप्पट सोडला.

त्याच दिवशी ठिपकी हरणीला पाडस झालं. धडपडत आचळाशी आलं. तिनं हुंगलं आणि बाजूला ढकललं.

"कुणाचं गं हे?"

"तुझंच की, बाई," शेजारची ससाबाई म्हणाली. ती दवावर भागवायची, म्हणून शुद्धीवर होती.

"असेल." ठिपकी चरायला गेली.

सांजेला पाडसाला उभं राहवेना. ससाबाई पाणवठ्यावर धावली. "महाराज, रस थांबवा, लेकरू जाईल."

राजे नेहमीसारखे पाण्यात स्वतःला न्याहाळत होते. "वैद्यबुवा, हे मिशाळ ध्यान कोण?"

"आपणच, महाराज."

"याच्यासाठी एवढा खटाटोप? बंद करा."

रस थांबला. गर्दी हटली तशा खुंट्या परत वर आल्या. उजाडता ठिपकी आली, पाडसाला हुंगलं, चाटलं आणि ससाबाईवरच डाफरली. "बघत काय बसलीस? भुकेलंय माझं पोर."

पाडस लुचू लागलं.

राजांच्याही खुंट्या परत येऊ लागल्या. एका सकाळी ते आयाळ विंचरताना दिसले. त्या दिवसापासून मुंगसे वैद्य त्यांना रोज वाटीभर रस पाजतात. शक्तीचं औषध म्हणून.

तात्पर्य: प्रजेचं राजावर प्रेम नसलं तरी चालतं. राजाचं स्वतःवर नसलं, तर फारच छान चालतं.