सदोबाचे टाके

एका जंगलात सदोबा नावाचं अस्वल राहत होतं. नीट बसा आणि मध्ये खोकू नका, ही आजारपणाची गोष्ट आहे.

सदोबाला हर्निया झाला होता. हर्निया म्हणजे काय ते घरी आजोबांना विचारा, दाखवतीलसुद्धा. झाडावर चढायला लागलं की सदोबाच्या पोटाशी लिंबाएवढा गोळा यायचा. मग तो निम्म्यातून खाली उतरायचा. वर मधाचं पोळं, खाली सदोबा. महिनाभर बिचारा मुंग्यांवर दिवस काढत होता. झाडावर चढता येत नसेल तर अस्वल होऊन उपयोग काय, असं त्याला वाटायचं. आणि त्याला रडू यायचं.

त्या जंगलात शिंपी पक्षी डॉक्टर होता. पानं शिवता शिवता त्याने पोटं शिवायला घेतली होती, आणि हात चांगला होता. तो म्हणाला, सकाळी यायचं, संध्याकाळी चालत घरी जायचं. फक्त आदल्या रात्रीपासून पोटात काही नको. पाण्याचा थेंबही नको, कारण भूल द्यायची आहे. सदोबा खूश झाला. दवाखान्यात राहायला नको, डबे पोचवायला नकोत. जे होईल ते माझ्याच चुकीने होईल, असं लिहिलेल्या कागदावर त्याने आनंदाने पंजा उमटवला.

ऑपरेशनच्या दिवशी सदोबा निघाला, तर बायको दारात उभी. तिचं नाव कोंडाबाई. तिच्या हातात दह्याची वाटी. जंगलात दही कुठून आलं म्हणून विचारू नका. जिथून ऑपरेशन आलं तिथूनच दही आलं.

चांगल्या कामाला निघताना हातावर दही घ्यायचं असतं, कोंडाबाई म्हणाली. डॉक्टर नको म्हणालेत, सदोबा म्हणाला. डॉक्टर जेवायला नको म्हणाले असतील, दह्याला कोण कशाला नको म्हणेल, आणि इतक्या मोठ्या कामाला माझ्या घरातून कोणी कोरड्या हाताने गेलेलं नाही. सदोबाने हात पुढे केला. लग्नाला बारा वर्षं झाली होती.

टेबलावर डॉक्टरांनी विचारलं, "सकाळपासून काही खाल्लंत?"

"काही नाही."

"काहीच नाही?"

"दही," सदोबा म्हणाला.

डॉक्टरांनी सुई खाली ठेवली. भूल दिल्यावर ते दही वर आलं आणि श्वासात अडकलं, तर मी काय करू, असं त्यांनी विचारलं. सदोबा उतरला आणि आठवड्याने यायचं ठरवून घरी गेला.

पुढच्या खेपेला तो शहाणा झाला. कोंडाबाई पाण्याला गेली तेव्हा तो गुपचूप निघून गेला. अर्ध्या तासात ऑपरेशन झालं. निघताना डॉक्टरांनी बजावलं, "सात दिवस पडून राहा. ओझं उचलायचं नाही. टाके तुटले तर पुन्हा शिवीन. पण तिसऱ्यांदा शिवायला कातडं उरणार नाही. मग झाड विसरा."

सदोबा संध्याकाळी चालत घरी आला. पण इकडे कोंडाबाईला राग आला होता. आमचे हे न सांगता पोट फाडून घ्यायला गेले, असं तिने पाणवठ्यावर सांगून टाकलं. आणि पाणवठ्यावर, तुम्हाला माहीत आहे, सगळं जंगल येतं.

दुसऱ्या दिवशी सगळं जंगल सदोबाकडे आलं.

आधी सगळे रुसले. आम्हाला कळवलंसुद्धा नाहीस, म्हणाले. मग सगळ्यांनी टाके बघायला मागितले. तिसऱ्या दिवसापर्यंत सदोबाने चाळीस वेळा पोट दाखवलं. माकड म्हणालं की त्याच्या ओळखीच्या वैद्याकडे टाके घालावेच लागत नाहीत. कोल्ह्याने सांगितलं की त्याच्या साडूचं अगदी हेच ऑपरेशन झालं, अगदी छान झालं, आणि तेराव्याला बुंदीही छान होती. येणारा प्रत्येक जण, तू पड, उठू नकोस, म्हणायचा. म्हणून सदोबाला प्रत्येकासाठी उठावं लागायचं. मोठ्यांसमोर लोळत कसं पडणार? विश्रांती किती महत्त्वाची, यावर साळिंदर दोन तास बोललं. कोंडाबाई चहाच करत होती. चहाच्या नादात औषधाच्या दोन वेळा चुकल्या.

सदोबा दिवस मोजत होता. सहा दिवस टाके टिकले.

सातव्या दिवशी हत्ती आला. हत्ती जंगल विकास मंडळाचा अध्यक्ष होता. आजाऱ्याकडे रिकाम्या सोंडेने जाऊ नये, हे त्याला ठाऊक होतं. त्याने फणस आणला होता.

"जड आहे हं, जपून," हत्ती म्हणाला, आणि त्याने फणस सदोबाच्या हातात दिला.

आता अध्यक्षांनी हातात दिलेली वस्तू खाली कशी ठेवायची? सदोबा फणस धरून उभा राहिला. माकड फोटो काढायला पुढे झालं. फणस जरा उंच धर, मंडळाचं नाव चिकटवलेली बाजू दिसत नाही, असं ते म्हणालं. सदोबाने फणस उंच धरला.

फोटो चांगला आला. टाके तुटले.

डॉक्टर शिंप्याने पुन्हा शिवलं. सदोबाला भूल उतरल्यावर रडू फुटलं.

"आता शेवटची संधी आहे," डॉक्टर म्हणाले. "घरी सोडायला कोणाला सांगू?"

"घरी नको," सदोबा म्हणाला. "मला वाघाच्या गुहेत सोडा."

"अहो, तो खाईल तुम्हाला."

"खाल्लं तर एकदाच खाईल."

सदोबा हळूहळू चालत वाघाच्या गुहेशी गेला आणि तोंडाशीच आडवा झाला. वाघाने कालच सांबर खाल्लं होतं. त्याने एक डोळा उघडला.

"काय रे?"

"ऑपरेशन झालंय."

"मग पड गप," वाघ म्हणाला आणि कुशीवर वळला.

सात दिवसांत वाघाने टाके बघायला मागितले नाहीत. कुठल्या साडूचं नाव काढलं नाही. आणि त्या वाटेला दुसरं कोणी फिरकलं नाही. सदोबा इतका झोपला की लहानपणी थंडीतही तेवढा झोपला नव्हता. आठव्या दिवशी तो डॉक्टरांकडे गेला. जखम भरली होती. येताना तो पहिल्याच झाडावर शेंड्यापर्यंत चढला आणि हात कोपरापर्यंत मधात घालून बसला. माशा चावल्या. त्याला त्याचंही बरं वाटलं.

तो घरी आला तर जंगल त्याच्याशी बोलेना. भेटायलासुद्धा येऊ दिलं नाही म्हणून हत्ती नाराज होता. कोंडाबाई चुलीपाशी बसली होती, डोळे सुजलेले. सात दिवस लोक तिलाच भेटायला येत होते.

"अहो, होतात कुठे?" तिने विचारलं.

सदोबाने खरं ते सांगितलं. ती आता आकांत करणार, असं सदोबाला वाटलं. तिने आधी दाराकडे पाहिलं, बाहेर कोणी नाही ना ते बघितलं, आणि मग हळूच म्हणाली,

"माझी दाढ काढायची राहिलीय. वाघोबांकडे माझी सोय होईल का हो?"

तात्पर्य: संकटात धावून येतो तोच खरा मित्र, असं तुम्हाला शाळेत शिकवलंय. ते पाठच ठेवा, परीक्षेत येतं. पण अंगावर टाके असतील, तर जो धावून येत नाही त्याचं दार गाठा. मग आत वाघ का असेना.