कर्मचारी क्रमांक एक

गेल्या फेब्रुवारीत कल्याणमधल्या एका रेल्वे लॉबीतल्या मशीनवर चार्जशीट निघाली. उद्धट वर्तन, कामास नकार आणि सात मालगाड्या जागच्या जागी उभ्या करणं, असे तीन आरोप होते.

असं काहीही झालेलं नाही. तसं लेखी आलेलं आहे. त्यामुळे वरचा परिच्छेद आपण वाचलेला नाही असं समजून पुढे जाऊ.

लॉबी म्हणजे हॉटेलातली नव्हे. इंजीन ड्रायव्हर ड्युटीवर चढताना जिथे सही करतात ती खोली. कुठली लॉबी ते विचारू नये, सांगणाऱ्याला अजून नोकरी आहे. या लॉबीत काळुराम गायकर एकोणतीस वर्षं कॉलमन होता. मालगाडीला वेळापत्रक नसतं. गाडी तयार झाली की ती सुटण्याच्या दोन तास आधी कॉलमनने सायकल मारत ड्रायव्हरच्या घरी जायचं, दार वाजवायचं, त्याला उठवायचं आणि वहीवर त्याची सही घ्यायची. काम ऐकायला सोपं आहे. पण आनंदा शिरसाटच्या दाराची बेल वाजवायची नाही, आत तान्हं बाळ आहे, खिडकीच्या गजावर किल्ली घासायची, हे वहीत कुठे लिहिलेलं नसतं. तिसऱ्या मजल्यावरचा प्रितम झोपेतच सही करतो आणि पुन्हा आडवा होतो, म्हणून त्याच्या पायात बूट चढेपर्यंत हलायचं नाही, हेही नसतं. हे सगळं काळुरामच्या डोक्यात होतं, आणि डोकं रेल्वेच्या मालमत्तेच्या यादीत येत नाही.

रेल्वेत तेव्हा काटकसर चालू होती. पाणी भरणारा रिटायर झाला, तशी त्याच्याबरोबर त्याची जागाही रिटायर झाली. चार्जशीट लिहिणाऱ्या कारकुनाची जागा गेली. दोन पंख्यांपैकी एक उतरवून नेला. लॉबीतल्या बाकाचा पाय मोडला, तेव्हा दुरुस्तीला मंजुरी नव्हती, म्हणून बाक यादीतूनच कमी केलं. बाक तिथेच होतं. ड्रायव्हर विटा लावून त्यावर बसतही होते. पण ते नव्हतं.

मग जागृती आली. जागृती म्हणजे स्टीलचं कपाटाएवढं मशीन. ड्रायव्हरांना फोन करून उठवणारं. तिच्यासाठी वेगळी काचेची केबिन झाली, केबिनला एसी लागला. मशीन बसवायला ठाण्याच्या एका कंपनीचा अद्वय आला. वय सव्वीस, दिवसभर लॅपटॉपकडे बघून बोलायचा.

"काका, तुमचा मोबाइल नंबर द्या ना. टेस्टिंगला एक डमी एम्प्लॉयी लागतो."

"डमी म्हंजे?"

"खोटा माणूस. मशीनलाच एम्प्लॉयी नंबर वन करून टाकतो. नाव जागृती, मोबाइल तुमचा."

"नाव तिचं नि नंबर माजा? घरी कललं तं जेवाला नाय भेटनार."

"उद्या डिलीट करतो काका, चिल."

दुसऱ्या दिवशी करार पाहिला, तर डिलीट करण्याचं काम त्यात बसत नव्हतं.

मग ड्रायव्हरांकडून नंबर मागवले. आनंदाने फॉर्म भरताना आजूबाजूला बघून काळुरामच्या कानात सांगितलं, "काळूमामा, मी तुझाच नंबर टाकतोय. माझा दिला ना, तर रजेवर असो, सासरवाडीला असो, ही बया खणाणणार. तू तसाही उठवायला येणारच आहेस. कुणाला बोलू नकोस."

काळुराम कुणाला बोलला नाही. त्यामुळे बासष्टच्या बासष्ट ड्रायव्हरांनी त्याच्या कानात हेच सांगितलं आणि प्रत्येकाला वाटलं की ही अक्कल आपल्यालाच सुचली. एकच नंबर दोनदा आला तर ओरडण्याची सोय मशीनच्या मूळ कोटेशनमध्ये होती. ती खर्चिक म्हणून खोडण्यात आली. खोडणाऱ्याला प्रशस्तिपत्र मिळालं.

सोमवारी काळुरामचा फोन वाजला. "नमस्कार, आनंदा शिरसाट. आपल्याला ड्युटीसाठी बोलावण्यात येत आहे. स्वीकारण्यासाठी एक दाबा. नाकारण्यासाठी दोन दाबा." काळुरामने एक दाबलं, सायकल काढली आणि आनंदाच्या खिडकीच्या गजावर किल्ली घासली. मग प्रितमचा फोन. एक दाबलं, तिसरा मजला चढला, बूट चढेपर्यंत थांबला. काम होतं तेच होतं. फक्त पूर्वी त्याला साहेब सांगायचे, आता कपाट सांगत होतं, आणि कपाट "नमस्कार" म्हणत होतं, जे साहेबांना कधी जमलं नव्हतं.

बाकीच्या लॉब्यांत ड्रायव्हर फोन उचलत नव्हते. इथे मात्र बासष्टही जण पहिल्या रिंगला, सरासरी तीन सेकंदांत होकार देत होते. हा आकडा मशीनने आपणहून वर कळवला. वर आनंद झाला. ठाण्यात समारंभ ठरला आणि जागृतीला ढाल जाहीर झाली. मशीन समारंभाला जाऊ शकत नव्हतं, म्हणून ढाल आणायला काळुरामला पाठवलं. त्याने दोन हातांनी ढाल घेतली, टाळ्या झाल्या. सोबत एक बंद पाकीटही दिलं. ते त्याने शर्टाच्या आत जपून कल्याणला आणलं आणि लॉबीच्या मोठ्या साहेबांच्या, म्हणजे त्र्यंबक दातारांच्या हातात ठेवलं.

दातारांनी पाकीट फोडलं, वाचलं आणि चष्मा पुसायला घेतला. चष्मा स्वच्छ होता.

"काळुराम, बस."

"कशावर, साहेब? बाक तं नाय."

"त्या नसलेल्या बाकावरच बस. मशीन उत्तम चालत असल्यामुळे कॉलमनची जागा रद्द झाली आहे. तू जादा ठरलास. एक तारखेला भुसावळला हजर व्हायचं आहे."

"मशीन चालतंय कुटं? मी चालतो. ती फोन करते तो माज्याच नंबरावर!"

दातारांनी नंबरांची यादी उघडली. वरपासून खालपर्यंत एकच नंबर. त्यांनी पुन्हा चष्मा पुसला.

"अरे, हा बासष्ट जणांचा नंबर आहे?"

"सगल्यांना उठवतो मी, तं नंबर काय तुमचा असनार?"

"हे वर कळवायला हवं."

"कलवा."

"कळवलं असतं रे," दातार म्हणाले, "पण त्यांनी ढाल दिली आहे. दिलेली ढाल परत घ्यायचा नमुना आपल्याकडे उपलब्ध नाही."

घरी शकूने बातमी ऐकली आणि हातातलं सुकटाचं ताट तसंच खाली ठेवलं. काळुरामची बायको एरवी त्याला बोलू द्यायची नाही. आज तिने त्याला सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं.

"जादा?" ती म्हणाली. "भात जादा होतंय. मीठ जादा होतंय. मानूस कसा जादा होतो?"

"सहा वरसा राहिली रिटायरला. हे दुखरं गुडघं घेऊन भुसावलला जाऊ?"

"नि ती भवानी? तिला नाय धाडत कुटं?"

"तिला एसी लावलाय."

संध्याकाळी आनंदा धावत आला. त्याला काळुरामचं वाईट वाटलंच होतं, पण त्याहून मोठी गोष्ट त्याच्या आता ध्यानात आली होती. "मामा, तू गेलास तर आमचे फोन भुसावळला वाजणार! इथे आम्हाला उठवणार कोण?"

"तुमी तुमचं खरं नंबर द्या."

"मग आधी खोटे दिले म्हणून बासष्ट चार्जशीट."

"तं मी आजपासून दोन दाबतो. कललं पायजे त्यांना."

"मग कॉल नाकारला म्हणून आम्हालाच चार्जशीट. नको मामा, तू आपला एकच दाब."

"अरे, एक दाबतो म्हनून तं मी जादा झालो!"

आनंदाने सुकटाचं ताट बघितलं, एक सुकट उचललं आणि निघून गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी काळुराम फोन चार्जिंगला लावून रेशनच्या दुकानात गेला. फोन वाजला. शकूने उचलला.

"नमस्कार, आनंदा शिरसाट," ती बाई गोड आवाजात म्हणाली. "स्वीकारण्यासाठी एक दाबा. नाकारण्यासाठी दोन दाबा."

"अगो, तूच का गो ती? माज्या नवऱ्याला भुसावलला धाडनारी?"

"चुकीचा पर्याय."

"चुकीची तू!" असं म्हणून शकूने दोन दाबलं.

"आपण कॉल नाकारला आहे. धन्यवाद," बाई म्हणाली.

एकोणतीस वर्षांत रेल्वेकडून कुणी या घराचे आभार मानले नव्हते. शकूला बरं वाटलं. पुढचा फोन आला तेव्हा तिने दोन दाबायच्या आधी बाईचं खानदान काढलं. काळुराम साखर घेऊन परत येईपर्यंत तिने सात वेळा दोन दाबलं होतं आणि ती आठव्याची वाट बघत बसली होती.

यार्डात सात मालगाड्या उभ्या राहिल्या. पैकी एकीत नवे पंखे होते, हे नंतर कळलं. लॉबीतले सगळे फोन एकदम वाजू लागले आणि दातार कुठलाच उचलेनात. शकूकडून सात नावं घेऊन काळुराम सायकलवर उभा राहून पॅडल मारत सात घरं फिरला, सातही जणांना उठवलं, बूट चढवले आणि धापा टाकत लॉबीत पोचला. तिथे प्रिंटर चालू होता.

चार्जशीट लिहिणारा कारकून कमी केल्यापासून ते कामही मशीनच करायचं. कॉल कुठल्या नंबरावरून नाकारला ते त्याने पाहिलं, त्या नंबराचा पहिला कर्मचारी यादीत शोधला आणि तो सापडला. दातारांनी कागद मोठ्याने वाचला.

"कर्मचारी क्रमांक एक, श्रीमती जागृती. आपण सलग सात कॉल नाकारून सात गाड्यांचा खोळंबा केलात. संभाषणात वापरलेले शब्द सोबत जोडले आहेत." त्यांनी दुसरं पान पाहिलं आणि घाईने उलटं ठेवलं. "दहा दिवसांत खुलासा करावा."

"ही द्यायची कोणाला?" आनंदाने विचारलं. तो नुकताच सही करायला आला होता.

"जिच्या नावाची तिला. आरोपी कागद घेत नसेल, तर दोन साक्षीदारांसमोर चिकटवण्याचा नियम आहे."

कागद जागृतीच्या काचेवर चिकटवला. साक्षीदार म्हणून काळुराम आणि आनंदाने सह्या केल्या. मग दातार खुर्चीत बसले. छत्तीस वर्षं नियमाने त्यांचा उपयोग केला होता. त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा नियमाचा उपयोग केला आणि शेरा लिहिला: 'चौकशी पूर्ण होईपर्यंत साक्षीदार काळुराम गायकर यांस येथून हलवता येणार नाही.'

"साहेब," काळुरामने विचारलं, "मंग मी राहिलो?"

"राहिलास. ती खुलासा देईपर्यंत. आणि ती काही लवकर देईल असं मला वाटत नाही."

हे समाधान चार दिवस टिकलं. पाचव्या दिवशी वरून पत्र आलं. ढाल मिळालेल्या मशीनवर चार्जशीट निघू शकत नाही, सबब ती निघालेली नाही. गाड्या थांबल्या नाहीत. चौकशी सुरू झालेली नाही, त्यामुळे तिला साक्षीदारही नाही. मशीनची कार्यक्षमता शंभर टक्के होती व आहे. पत्रापाठोपाठ पत्रावर सही करणाऱ्याच साहेबांचा फोनही आला. "दातार, काहीही करा, पण त्या माणसाला तिथून हलू देऊ नका. हे मी बोललेलो नाही."

म्हणून एक तारखेला काळुराम लेखी भुसावळला गेला आणि तोंडी कल्याणला राहिला. भुसावळच्या साहेबांनी महिन्याभरात कळवलं की हा अत्यंत शांत कर्मचारी आहे. इकडे तो दिवसभर त्या नसलेल्या बाकावर बसतो, एक दाबतो आणि सायकल काढतो. एकदा पंक्चरचा अर्ज केला, तर उत्तर आलं की भुसावळची सायकल कल्याणला पंक्चर होऊ शकत नाही. परवा त्याला क्वार्टर रिकामं करण्याची नोटीस आली. भुसावळला असलेल्या माणसाचं कल्याणच्या क्वार्टरमध्ये काम काय, असा त्यात रास्त प्रश्न होता.

नोटीस शकूने वाचली. उत्तर दातारांनी स्वच्छ अक्षरात लिहून दिलं, काळुरामने सही केली, आणि ते आवकजावक रजिस्टरात नोंदवून वर गेलं आहे:

'महोदय, खाली सही करणार काळुराम गायकर, लेखी भुसावळ, तोंडी कल्याण, विनंती करतो की, मला माणूस म्हणून ठेवणे प्रशासनास परवडत नसल्यास जागृती मशीनचा सुटा भाग म्हणून नोंदवून घ्यावे. मशीनच्या वार्षिक देखभाल करारात माझ्या दोन्ही गुडघ्यांचा समावेश करावा. माझे क्वार्टर ही मशीनची मागील बाजू समजण्यात यावी व ती रिकामी करून घेऊ नये. सदर भागास पत्नी आहे, याचीही नोंद घेण्यात यावी, ही नम्र विनंती.'