आधी समाधान, मग औषध

साहेब, आजारी माणसांना बरं करायचं सोडून तुम्ही त्यांना समाधानी करत सुटला आहात, हा तुमच्यावर सरळ आरोप आहे. तुमची बाजूही भक्कम आहे, ती नाकारून कसं चालेल? औषधाने रोग बरा होतो, पण समाधानाने अहवाल बरा होतो. आणि साहेबांच्या टेबलावर अहवाल येतो, रोगी येत नाही.

म्हणून सरकारी दवाखान्यात औषधाच्या खिडकीवर यंत्र बसलं. त्याला दोन बटणं. एकावर हसरं तोंड, दुसऱ्यावर जास्त हसरं. (रडकं तोंडही होतं. लोकांनी ते दाबून दाबून खिळखिळं केलं, तेव्हा सरकारी मालमत्तेच्या रक्षणार्थ काढून टाकलं.) औषध हातात पडलं की माणूस घरची वाट धरतो, मत द्यायला थांबत नाही. सबब नियम झाला: आधी समाधान, मग औषध. बटण दाबल्याशिवाय पुढचा नंबर पुकारलाच जात नाही. पहिल्याच महिन्यात सत्त्याण्णव टक्के लोक समाधानी निघाले. उरलेल्या तीन टक्क्यांनी वैतागून दोन्ही बटणं एकदम दाबली होती. त्यांची गणना 'भारावलेले' अशी झाली.

आज खिडकीशी आली ती चेनी बदलून, पँटी आखूड करून घर चालवणारी शिंपीणबाई. तिच्या मुलीला फिट्स येतात. गोळी चुकली की पोरगी उभ्याची आडवी होते. मागल्या खेपेस चुलीपासून वीतभर अंतरावर पडली होती. शेवटची गोळी काल संपली.

"मावशी, बटण दाबा," औषधवाला म्हणाला. माणूस गोड.

"आधी गोळ्या दे बाबा."

"गोळ्या नाहीत. वरूनच आल्या नाहीत."

"मग समाधान कशाचं?"

"सेवेचं. गोळ्या नाहीत हे मी नीट सांगितलं ना?"

"सांगितलंस."

"आवाज चढवला?"

"नाही रे."

"झालं तर मग! दाबा."

शिंपीणबाईने ते बोलणं उलटंपालटं करून पाहिलं. शिवण कुठे उसवलेली दिसेना.

"तुझ्या गोड बोलण्याने माझी पोरगी पडायची थांबेल?"

"त्याचं बटण नाही मावशी."

तिने दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि उभी राहिली. यंत्र थांबलं, नंबर थांबला, रांग थांबली. दवाखान्यातल्या गोळ्या संपून तीन आठवडे झाले होते, वरून कुणी हूं की चूं केलं नव्हतं. समाधान थांबून पाव तास झाला नाही तोच वरून फोन खणखणला.

"त्यांना सांग," ती म्हणाली, "गोळ्या पाठवा, मग दाबते."

औषधवाल्याने फोन उचलला. आयुष्यात पहिल्यांदाच तो वरच्यांना खरं सांगणार होता. तोंडही उघडलं होतं.

"ओ बाई, दाबा की एकदाचं!" रांगेतून आवाज आला. "तुमच्या एकटीपायी सगळ्यांनी ताटकळायचं? शिकलेसवरलेले लोक उभे आहेत इथे!"

आणि तिच्या खांद्यावरून एक हात पुढे आला. स्वच्छ, नखं कापलेला. त्याने जास्त हसरं तोंड दाबलं. पुढचा नंबर पुकारला गेला. फोन आपोआप बंद झाला.

साहेबांना विचारून झालं, ते समाधानी आहेत. आता वाचणाऱ्यांनो, तुम्ही बोला. रांगेत तुम्हीही होतात. तो हात कुणाचा होता? आणि आज पोरगी पडली, तर तोच हात तिला धरायला येणार आहे का? हो की नाही, एवढंच सांगा.