तिसऱ्या रकान्याची सोय

इमारतीच्या पार्किंगमध्ये प्रत्येक घराला एकच जागा, असा ठराव झाला. टिप्पणीसाहेबांच्या घरी गाड्या मात्र दोन. एक त्यांची स्वतःची, चौकोनी, सव्वीस वर्षांची. दुसरी मेव्हण्याची, गोलसर, चोवीस वर्षांची. परदेशी जाताना तो ती बहिणीला देऊन गेलेला. साहेब खरेदी विभागातून मुख्य लिपिक म्हणून निवृत्त झालेले. आपलीच गाडी ठेवायची, हे त्यांनी पहिल्याच मिनिटाला ठरवलं होतं. पण निर्णय झाल्यावरही तुलना न करणं ही अनियमितता ठरली असती.

त्यांनी तुलनात्मक तक्ता आखला. अश्वशक्ती, कमाल वेग, लिटरमागे किलोमीटर. आकडे कंपनीच्या माहितीपुस्तकातून घेतले, कारण प्रत्यक्ष गाड्यांकडून घ्यावेत अशी त्यांची परिस्थिती नव्हती.

"आपली चौदा सेकंदांत शंभराचा वेग गाठते. तुझ्या भावाची सोळा," त्यांनी पत्नीला ऐकवलं.

"अहो, तुम्ही चौथा गिअर शेवटचा कधी टाकलात?"

"प्रश्न क्षमतेचा आहे, वापराचा नाही."

"हे तर मी लग्न झाल्यापासून ऐकतेय."

चाचणीच्या दिवशी चौकोनी सुरूच झाली नाही. गोलसर सुरू झाली, ती बंद होईना. साहेबांनी पहिलीपुढे 'प्रदूषण शून्य' आणि दुसरीपुढे 'आज्ञाभंग' असा शेरा मारला. चौकोनी एका गुणाने जिंकली.

सही करताना मात्र पेन अडलं. दोनच नावांची तुलना त्यांनी चौतीस वर्षांच्या नोकरीत कधी मंजूर केली नव्हती. खरेदीच्या नियमाने तिसरं नाव लागतंच. हरण्याची खात्री असलेलं. शेजारी आपली गाडी द्यायला तयार होईनात. शेवटी, कागदपत्रं तयार असलेली तिसरी जुनी वस्तू घरात एकच होती. साहेबांनी तिसऱ्या रकान्यात स्वतःचं नाव लिहिलं.

सकाळी सुरू व्हायला दोन कप चहा. पुढचे दिवे मंद. मागे वळताना मान अडकते.

"आवाज चढावर वाढतो, असं काय लिहिताय?" पत्नी डोकावून म्हणाली. "सपाटीवरही असतोच की."

तिसरा अपेक्षेप्रमाणे तिसरा आला. साहेबांनी ऐटीत सही ठोकून तक्ता सोसायटीच्या सेक्रेटरीकडे पाठवला. दोन दिवसांत उत्तर आलं: 'दोन्ही वाहने मालकापेक्षा सुस्थितीत असल्याचे मालकानेच प्रमाणित केले आहे. अशा मालकाच्या हाती वाहन देणे धोक्याचे. सबब दोन्ही हलवावीत.'

"अपील करा की," पत्नी म्हणाली.

"कसलं अपील? खाली माझीच सही आहे. वर खोटं काही लिहिलेलं नाही, हीच पंचाईत."

गाड्या गेल्या. मेव्हण्याचीही गेली, एवढंच समाधान. आता रिकाम्या जागेवरचा हक्क राहावा म्हणून साहेब रोज सकाळी अर्धा तास तिथे स्वतःच उभे राहतात, दोन पांढऱ्या पट्ट्यांच्या बरोबर मध्ये. येणारेजाणारे हसतात. साहेब रागावत नाहीत. हसणाऱ्यांसाठी त्यांनी चौथा रकाना आखून ठेवला आहे. तुम्हीही हसला असाल, तर हसताना कुठला भाग वाजला, तेवढं कळवावं.