रुद्रम्माला आगीतून काढण्याची शास्त्रशुद्ध रीत

आगीतून माणूस बाहेर कसा काढावा, हे आमच्या निर्णा गावात माझ्याइतकं कुणालाच कळत नव्हतं! हैदराबादेत कॉलेजात पदार्थविज्ञान शिकून मी या गावात सून म्हणून आले होते. धूर वर का जातो, ओल्या फडक्यातून तो कमी का शिरतो, सगळं मला ठाऊक होतं. ठाऊक असणाऱ्याने स्वस्थ बसू नये, अशी तेव्हा माझी समजूत होती.

कारणही तसंच घडलं होतं. गेल्या उन्हाळ्यात कडब्याची गंजी पेटली आणि आमची गल्ली बघता बघता रिकामी झाली. निजाम सरकारचा आगीचा बंब असलाच तर गुलबर्ग्याला. तो येईपर्यंत राखही थंड झाली असती. शेजारच्या कमलम्माने पोरं बाहेर काढली, शेळी काढली, पाण्याचा माठसुद्धा काढला. सासू मात्र आतच राहिली! बायकोला वाटलं नवऱ्याने नेली, नवऱ्याला वाटलं बायकोने. या सासूबाई म्हणजे रुद्रम्मा. त्यांचे गुडघे केव्हाच संपावर गेलेले. वारा फिरला म्हणूनच त्या वाचल्या.

"माठ नवा हुता, म्या जुनी," एवढंच त्या मला म्हणाल्या. पण तेव्हापासून त्या उंबऱ्यालगत झोपत. सरपटत का होईना, बाहेर पडता यावं म्हणून!

तेव्हाच मी ठरवलं. गावातल्या प्रत्येक अपंग, आंधळ्या, थकलेल्या माणसाला उचलून नेण्याचा सराव झालाच पाहिजे, आणि पहिला मान रुद्रम्मांचा!

मी दोन वेळूंना पोतं बांधायला घेतलं, तोच माझ्या सासूबाई ओरडल्या, "अगं, अंगणात तिरडी बांधायलीस व्हय? माझा उद्धव, तुझा नवरा, गुलबर्ग्याला गेलाय, अन् तू हे धंदे करायलीस?"

बरोबर होतं त्यांचं! लोकांच्या भावनाही जमेस धरायला हव्यात. आडवं न्यायचंच नाही, बसवून न्यायचं! शाळेतली खुर्ची आणली, तिला दोन्ही बाजूंनी वेळू बांधले. आता तिरडीची आठवणसुद्धा येणार नाही! मी स्वतःवर इतकी खूश झाले की त्या भरात बारीकसारीक सुधारणाही करून टाकल्या. धुरात पिवळा रंग लांबून दिसावा म्हणून खुर्चीला झेंडूच्या माळा. म्हातारी घसरू नये म्हणून कमरेला धोतराची गाठ. नाकातोंडावर ओलं पांढरं फडकं. डोळे मिटलेले, धूर जाऊ नये म्हणून. वाट मोकळी करायला पुढे हलगी!

उचलायला तालमीतले चार गडी आले. त्यांचा म्होरक्या गुंडप्पा खुर्चीभोवती एक फेरी मारून आला.

"वैनी, हे असंच न्यायचं?"

"असंच!"

"रुद्रम्मा आज्जीलाच?"

"त्यांनाच!"

"अन् हलगी?"

"पुढे!"

"बरं," तो डोकं खाजवत म्हणाला. "तुम्ही शिकलेल्या हाव."

गावाला मी मुद्दामच काही सांगितलं नव्हतं. सांगून घेतलेली परीक्षा ती कसली परीक्षा! कमलम्मा ओढ्यावर धुणं घेऊन गेली आणि आम्ही खुर्ची उचलली.

काय तो उत्साह सांगू! पहिल्याच वळणावर वाण्याने दुकानाच्या फळ्या लावल्या आणि तो टोपी काढून मागे चालू लागला. बायका फुलं घेऊन धावल्या. दोघा म्हाताऱ्यांनी रुद्रम्मांच्या पायांवर डोकं ठेवलं. थकल्याभागल्यांचा गावात एवढा मान! माझे डोळे भरून आले.

"गुंडप्पा, लोकांना पटलं रे!"

चावडीपाशी आम्हाला उजवीकडे मैदानात वळायचं होतं. खुर्ची डावीकडे वळली.

"अरे, इकडे कुठे?"

"वैनी, मागनं रेटायलेत!"

तेवढ्यात वाणी जवळ आला आणि हळूच म्हणाला, "अक्का, खड्डा खणायला कोण गेलंय?"

"खड्डा? कसला खड्डा?"

गुंडप्पाने खांद्यावरचा वेळू सावरला. "वैनी, लिंगायतांत माणूस गेलं की आडवं नेत न्हाईत. असंच खुर्चीत बसवून, फुलं बांधून, वाजवत नेतात. अन् बसवूनच पुरतात."

आमच्यातली तिरडी टाळून मी शेजारणीची साग्रसंगीत अंत्ययात्रा काढली होती!

"मग आधी सांगायचं नाहीस का?"

"म्हटलं, तुम्हाला ठाऊक असंल. कालिजात शिकवत न्हाईत व्हय?"

मी तोंड उघडणार, तोच ओढ्याकडून किंकाळी आली. धुणं टाकून कमलम्मा धावत सुटली होती!

"आत्याबाई! सकाळी तर भाकर खाल्लात की वो! आईगत माया केलात! एक वाकडा शबूद कधी बोलला न्हाईत!"

ओलं फडकं हललं.

"कधी गं?" आतून आवाज आला. "खोटं कामून बोलायलीस? सकाळीच तर शिव्या घातल्या तुला!"

हलगी थांबली. आणि मग जो तो पळाला! वाणी पळाला, पायांवर डोकं ठेवणारे म्हातारे तरण्या पोरांच्या पुढे गेले, चारही पैलवान खुर्ची आदळून दिसेनासे झाले. रुद्रम्मा भर रस्त्यात एकट्या! आगीच्या दिवशी निदान बांधलेल्या तरी नव्हत्या.

नाही, एकट्या नव्हत्या. कमलम्मा खुर्चीला गच्च मिठी मारून उभी होती.

"भूत असलात तर असा!" ती रडत ओरडली. "पण आता टाकून जायची न्हाई म्या! घरी चला!"

रुद्रम्मा सुनेच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, "भूत न्हाई गं. गाठ सोड आधी, कंबर करकचून गेली."

संध्याकाळी चावडीत पंच बसले. खुर्चीवर बंदी आली. माझं काही म्हणणं कुणी ऐकेना, पण रुद्रम्मांचं ऐकलं.

"मला पहिल्या वळणालाच उमगलं हुतं," त्या म्हणाल्या. "म्हटलं, बघू तरी कोण कोण येतंय. आग लागली तवा कुत्रं आलं न्हाई, आज अख्खा गाव! तर पुढच्या बारीला 'आग, आग' करू नका. 'रुद्रम्मा गेली' म्हणून ओरडा!"

ठराव एकमताने मंजूर झाला.

मलाही त्यांनी अगदीच वगळलं नाही. आग लागली की शेजारच्या गावाला वर्दी द्यायला धावत जायचं काम माझ्याकडे आलं. त्या दिवशी खुर्ची आदळल्यावर पळण्यात माझ्यापुढे फक्त दोघं होते, हे साऱ्या गावाने पाहिलं होतं!